एकवीस माणसांचं पगारपत्रक

माझ्या अशिलाला, नंदूला, मी उत्पन्नाचा पुरावा घेऊन ये म्हणून सांगितलं होतं. तो एकवीस माणसं घेऊन आला.

सकाळी साडेदहाला कोर्टाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या अंगात इस्त्रीचे शर्ट, खाली अर्ध्या चड्ड्या, कोणाच्या हातात नायलॉनची पिशवी. ड्युटीवरच्या हवालदाराने एवढी माणसं एकदम बघितली आणि ही मारामारीची केस असणार असं स्वतःच ठरवून सगळ्यांना फौजदारी कोर्टाबाहेर आरोपींच्या रांगेत उभं केलं. ते बिचारे उभेही राहिले. मी पोचले तेव्हा तिथला एक वकील त्यांना जामिनाचा खर्च समजावून सांगत होता.

"नंदू, ह्या काय?" मी विचारलं.

"पुरावो, बाईनू. तुमीच आणूक सांगितल्यात मां."

"अरे, कागद आणूक सांगितलंय मी."

"कागद खंयचो आणू? माका गावता ताच ह्येंका गावता. ईचारा कोणाक पण."

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नंदू शिरोड्याला रापणीत जातो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. जे मिळेल ते तिथेच वाळूत लिलावाने विकतात आणि पैशांचे वाटे करतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा एकेक वाटा. पगार नाही, स्लिप नाही, फॉर्म सोळा नाही. नंदूला किती मिळतं हे कोर्टाला दाखवायचं तर त्याच्याइतकंच मिळणारी माणसं दाखवणं हा त्याच्या दृष्टीने सरळ मार्ग होता.

केस काय होती ते आधी सांगते. नंदू आणि मयुरी यांचा घटस्फोट तीन वर्षांपूर्वी दोघांच्या संमतीने झाला होता. भांडण असं फार नव्हतं. मयुरी नर्स, तिला शिकायचं होतं, पुढे जायचं होतं. नंदूला समुद्र सोडायचा नव्हता. मुलगी अन्वी आईकडे वेंगुर्ल्याला, दर शनिवार-रविवार बापाकडे शिरोड्याला. नंदूने महिन्याला चार हजार पोटगी द्यायची. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग मयुरीला सरकारी हॉस्पिटलात कायमची नोकरी लागली. देहरादूनला.

देहरादून शिरोड्याहून किती लांब आहे याचा मला तोपर्यंत अंदाज नव्हता. दोन रात्री गाडीत आणि मध्ये गाडी बदलायची. शनिवार-रविवार गेलेच. मयुरीने अर्ज केला की परिस्थिती बदलली, तिकडे शाळा महाग, घरभाडं जास्त, तेव्हा पोटगी चारऐवजी नऊ हजार करावी.

नंदू माझ्या ऑफिसात आला तेव्हा मी हा नऊ हजारांचा आकडा त्याला वाचून दाखवला. त्याने ऐकलं न ऐकलं केलं.

"पैशे काय ते तुमी ठरवा, बाईनू. माझा चेडू वर्षातसून माझ्याकडे किती दिस रवतला, ता आधी सांगा."

चेडू म्हणजे मुलगी. नऊ वर्षांची अन्वी त्याचा जीव की प्राण. बत्तीस वर्षांच्या वकिलीत मी पोटगी कमी करा म्हणणारे बाप ढिगाने बघितले. पैशांवर नजर न टाकता दिवस मोजणारा हा पहिलाच. मला तो तिथेच आवडला, आणि आवडते अशील वकिलाला हमखास अडचणीत आणतात.

तर आम्ही कोर्टात उभे राहिलो. मागे एकवीस माणसं.

"हे सगळे साक्षीदार आहेत?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "हे पगारपत्रक आहे."

साहेब चांगले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणसं तितकीच होती. मग समोरच्या वकिलाकडे बघून म्हणाले, "तुमचं काय म्हणणं?"

समोर मयुरीचे वकील अ‍ॅडव्होकेट राऊळ. तरुण, हुशार, प्रत्येक गोष्टीची एक्सेल शीट करणारा मुलगा. त्याने लॅपटॉप उघडला. त्याला मोबाईलवर शिरोड्याच्या रापणीचा एक व्हिडिओ मिळाला होता. बांगड्यांचा डोंगर, पर्यटक टाळ्या वाजवतायत, आणि कोणीतरी ओरडतोय, "लाखाची मासळी." राऊळने त्या लाखाला तीसने गुणलं, बावीस माणसांनी भागलं, आणि नंदूचं मासिक उत्पन्न एक लाख छत्तीस हजार काढलं होतं.

मागून रापणीचे प्रमुख बाबी आजा पुढे आले. वय सत्तरच्या वर, आवाज दर्यासारखा.

"साहेबानू, ह्या पोराक सांगा, उरलेले पैशे खंय आसत ता पण जरा एक्सेलात बघ. आमका अजून गावले नाय."

साहेबांनी ताबडतोब प्रकरण मिडिएशनला पाठवलं. मिडिएशन म्हणजे मध्यस्थी. तिथे निकाल लागत नाही. दोन्ही बाजू एका खोलीत बसतात आणि मध्यस्थ त्यांना बोलतं करून तडजोडीपर्यंत आणतो. ज्या केसचं काय करावं हे साहेबांना कळत नाही त्याही तिकडे जातात, पण हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही.

आमच्या मिडिएटर देशपांडे मॅडम. मूळच्या नागपूरच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे वर्षभरापूर्वी इकडे आलेल्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाल्या, "मला रापण म्हणजे काय हे अजून कळलेलं नाही. तुम्ही दोघे वकील एकदा जाऊन बघून या आणि मला मिळून एकच आकडा सांगा."

म्हणून एका रविवारी सकाळी सहाला मी आणि राऊळ शिरोड्याच्या किनाऱ्यावर. मी आरोंद्याची, खाडीकाठची. मला काय करायचं ते ठाऊक होतं, मी चपला हातात घेतल्या आणि सुरूच्या झाडाखाली लांब जाऊन बसले. राऊळ पॉलिश केलेले बूट आणि डायरी घेऊन दोराजवळ उभा राहिला.

रापणीत एक रिवाज आहे. दोराला हात लावला की त्याचा वाटा. नुसतं बघत उभं राहिलं की शिव्या. राऊळने अर्धा तास शिव्या खाल्ल्या. वकील आहे, कोर्टाच्या कामाने आलोय, असं सांगून बघितलं, तेव्हा शिव्यांचा दर्जा वाढला. शेवटी त्याने डायरी वाळूत ठेवली, पँट दुमडली आणि दोर धरला. नंदू त्याच्या पुढे, बाबी आजा मागे. दीड तास ओढला. हाताला फोड आले. जाळं बाहेर आलं तेव्हा त्यात मुख्यतः जेलीफिश होते.

बाबी आजांनी काटेकोर वाटे केले. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. राऊळच्या समोर त्याचा वाटा आला: दोन बांगडे, अकरा बारीक पेडवे आणि एक कुर्ली, म्हणजे खेकडी, तिची एक नांगी गायब.

"ह्यो तुझो पगार," बाबी आजा म्हणाले. "आता तीसान गुण."

पुढच्या बैठकीत देशपांडे मॅडमनी विचारलं, "काय बघितलंत?" राऊळ प्रामाणिक मुलगा. त्याने डायरी उघडून स्वतःचा वाटा वाचून दाखवला.

"याची बाजारभावाने किंमत किती?"

"सांगता येणार नाही, मॅडम. आईने तिखलं केलं."

समोरच्या पक्षाचा पुरावा समोरच्या वकिलानेच भातासोबत खाल्ला, हे माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदा घडलं. पण त्यानंतर राऊळ शहाण्यासारखा वागला. लिलावाच्या वर्षभराच्या नोंदी आम्ही दोघांनी एकत्र बसून बघितल्या. पावसाळ्यात दर्या बंद, होड्या माडाच्या झापांखाली. नंदू पावसाच्या तोंडावर लोकांची घरं शाकारतो, पाऊस सरत आला की होड्यांना रंग लावतो. ते धरलं. सगळं मिळून वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला सोळा हजार आले.

इथे हिशेब कसा करतात ते सांगते, कारण लोकांना वाटतं पोटगी म्हणजे बापाला केलेला दंड. तसं नसतं. आपल्याकडे तयार तक्ता नाही, कोर्ट परिस्थिती बघतं. पण आम्ही वकील साधारण असं करतो: आधी मुलाचा महिन्याचा खर्च काढायचा. मग आईबापांच्या कमाईच्या प्रमाणात तो वाटायचा. अन्वीचा देहरादूनचा खर्च पंधरा हजार. मयुरीचा नवा पगार अठ्ठेचाळीस हजार, नंदूचे सोळा. म्हणजे तिची कमाई त्याच्या तिप्पट. खर्चाचे चार भाग, तीन तिचे, एक त्याचा. पंधरा हजारांचा चौथा भाग तीन हजार सातशे पन्नास.

चार महिने तारखा, एक एक्सेल, एकवीस माणसं, राऊळच्या हाताचे फोड, आणि आकडा आधीच्यापेक्षा अडीचशेने कमी आला होता.

"चार हजारच ठेवा," नंदू म्हणाला. "अडीचशे खंय सुट्टे करीत बसू?"

मयुरी हसली. लग्न मोडलेलं असलं तरी ती त्याच्या अशा बोलण्याला हसते, हे मी तेव्हा बघितलं. नऊ हजारांचा हट्ट तिने तिथेच सोडला. "मॅडम, मला वाटलं होतं तो आणखी काहीतरी काम करत असेल," ती मला नंतर म्हणाली. "तीन वर्षांत एकदाही पैसे चुकले नाहीत ना, म्हणून."

पैसे मिटले. आता दिवस. नंदू खुर्चीत पुढे सरकून बसला.

उन्हाळ्याची सुट्टी सोपी गेली. देहरादूनला शाळा मे संपता संपता बंद होते आणि जूनभर सुट्टी असते. इकडे तेव्हा दर्या बंद, नंदू मोकळा. पाच आठवडे अन्वी शिरोड्याला. प्रवासाचा खर्च निम्मा निम्मा, न्यायला बाप येईल, परत सोडायला आई. लांब गेलेल्या पालकाच्या केसमध्ये हा प्रवासखर्च धरायला लोक विसरतात आणि मग स्टेशनवर उभं राहून भांडतात, म्हणून तो कागदावर आणला.

मग आला गणपती.

गणपतीवर आम्ही दोन पूर्ण बैठका घालवल्या. नंदूच्या घरचा गणपती पाच दिवसांचा. मयुरीच्या माहेरचा दीड दिवसाचा. नंदूचं म्हणणं, चेडू पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. मयुरीचं म्हणणं, पहिला दिवस आजी-आजोबांकडे, तिथे अन्वीशिवाय आरतीत टाळ वाजवायला कोणी नाही. नंदू म्हणाला, आमच्याकडेही टाळ आहेत. मयुरी म्हणाली, तुमच्याकडे वाजवणारे अठरा आहेत. राऊळने एक्सेलमध्ये पाच रंग भरले. मी पहिल्या दिवसाचे दोन तुकडे करायचा प्रस्ताव दिला, सकाळ इकडे आणि संध्याकाळ तिकडे, तो दोघांनी मिळून फेटाळला. एकदा तर मी आणि राऊळच इतके हमरीतुमरीवर आलो की अशिलांनी आम्हाला पाणी दिलं.

देशपांडे मॅडम हे सगळं शांतपणे ऐकत होत्या. दुसऱ्या बैठकीच्या शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एक विचारू? देहरादूनच्या शाळेला गणपतीची सुट्टी असते का?"



"असणारच," मयुरी म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

राऊळने लॅपटॉपवर शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक उघडलं. राखी होती, जन्माष्टमी होती, दसरा, दिवाळी, नाताळ. गणेश चतुर्थी नव्हती. त्याने खालीवर दोनदा बघितलं. मी उठून त्याच्या मागे जाऊन तिसऱ्यांदा बघितलं.

"मगे थयली माणसां गणपतीक घराक कशी जातत?" नंदूने विचारलं.

मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. बत्तीस वर्षं वकिली, शेकडो तडजोडी, आणि गणपतीला शाळा चालू असते अशी एखादी जागा या देशात असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे चाकरमानी गणपतीला गावी येतो म्हणजे येतोच. रजा मिळाली नाही तर नोकरी सोडून येतो. खोलीतल्या चौघा मालवण्यांनी दोन बैठका ज्या दिवसांसाठी भांडणं केली ते दिवस मुळात कॅलेंडरात लालच नव्हते.

नंदूचा चेहरा मात्र उतरला होता. त्याने टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "म्हणजे चेडू येवचा नाय," तो म्हणाला. तेवढंच. हा माणूस पाच आठवडे ऐकून इतका खूश झाला नव्हता जितका या पाच दिवसांसाठी भांडताना दिसत होता.

मयुरीने पर्समधून मोबाईल काढला.

"येणार," ती म्हणाली. "शाळेला अर्ज मी देईन. माझी रजा मंजूर आहे."

"कसली रजा?" राऊळने विचारलं.

"गणपतीची. आठ दिवस."

"पण तुम्ही अजून जॉईन कुठे झालात?"

"ऑफर लेटरला उत्तर दिलं ना, त्यातच विचारून घेतलं. त्यांनी हो म्हटलं तेव्हाच नोकरी स्वीकारली."

राऊळने केसांतून हात फिरवला. "ताई, आपण अर्जात लिहिलंय की अर्जदारास यापुढे वारंवार गावी येणे केवळ अशक्य आहे."

"वारंवार अशक्यच आहे. गणपतीचं तुम्ही मला कुठे विचारलंत?"

आई येणारच होती, म्हणजे मुलीला वेगळं आणण्याचा खर्च नाही. मग बाकीचं गणित आपोआप सुटलं. पहिला दीड दिवस वेंगुर्ल्याला. तिथलं विसर्जन झालं की मुलगी शिरोड्याला. पाचातून दीड गेला, उरले साडेतीन, आणि विसर्जन बापाबरोबर. नंदू म्हणाला, "चलात." पहिला दिवस गेल्याचं दुःख त्याने विसर्जनावर भागवलं.

राऊळने तिथल्या तिथे टाईप केलं: 'गणेशोत्सवात मुलगी पहिले दीड दिवस आईकडे व त्यानंतर वडिलांच्या घरच्या गणपतीच्या विसर्जनापर्यंत वडिलांकडे राहील.' मी वाचलं. मॅडमनी वाचलं. सुरेख मराठी होतं. सह्या झाल्या, साहेबांनी त्याप्रमाणे हुकूम केला. बाबी आजांनी कोर्टाच्या आवारात सगळ्यांना चहा दिला, हवालदारालाही.

शाळेने पहिल्या फटक्याला रजा नाकारली. मयुरी खमकी. तिने अर्जाला कोर्टाच्या हुकुमाची नक्कल जोडली. मराठीतला हुकूम, खाली गोल शिक्का. लिपी तीच असल्यामुळे मुख्याध्यापिकांना सगळं वाचता आलं, कळलं मात्र काहीच नाही. शिक्का तेवढा कळला. रजा त्याच दिवशी मंजूर झाली. वर शाळेने लेखी विचारलं की आणखी काही आदेश असल्यास कृपया कळवावे.

अन्वी आली. दीड दिवस टाळ वाजवले, मग शिरोड्याला गेली. विसर्जनाचा फोटो नंदूने मला पाठवला. मुलगी त्याच्या खांद्यावर, दोघेही गळ्यापर्यंत भिजलेले. खाली एकच ओळ होती. 'बाईनू, चेडू इला.'

यंदा गणपतीच्या महिनाभर आधी त्याचा फोन आला.

"बाईनू, आमचो गणपती औंदा अकरा दिवसांचो केलो तर चलात मां?"

घरच्या गणपतीचे दिवस ही कोणी सहज बदलायची गोष्ट नाही. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. मी विचारलं, "एकदम अकरा? भावकी काय म्हणता?"

"भावकी तयार आसा. नवस बोललेलंय मी."

"कसलो नवस?"

"चेडू इल्याचो. आणि बाईनू, कागदार पण विसर्जनापर्यंतच लिवलेला आसा मां?"

मी फाईल काढून वाचलं. लिहिलेलं होतं. पाच हा शब्द पूर्ण हुकुमात कुठेही नव्हता. मी राऊळला फोन लावला. त्याने हुकूम उघडून वाचला. मग म्हणाला, "मॅडम, घरचा गणपती जास्तीत जास्त किती दिवसांचा असतो?"

"आमच्या शेजारी एकवीस दिवसांचा आहे."

त्याने फोन ठेवला. तासाभराने मयुरीचा निरोप त्याच्यामार्फत आला: सात. त्यापुढे तिची ड्युटी आणि मुलीची परीक्षा. मी नंदूला कळवलं. सातावर तो आनंदाने तयार झाला, इतक्या आनंदाने की त्याला मुळात सातच हवे होते अशी मला दाट शंका आहे. देवाशी अकराचं बोलणं झालं असेल तर ते त्याने कसं मिटवलं, ते मी विचारलं नाही.

नवीन वकिलांना मी आता एवढंच सांगते. आईबापांतलं कोणी लांब जाणार असेल तर पगाराच्या आधी नव्या शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक मागवा. आणि हुकुमात मुलाचे दिवस आकड्यात लिहा, देवावर सोडू नका.